निर्जन म्हणून लिहिलेली जागा

‘बाह्य / जंगल / रात्र.’ लहान बजेटच्या रहस्यपटाच्या पटकथेत याहून महाग ओळ सापडणार नाही. लिहायला तीन शब्द पुरतात. चित्रित करायला जनरेटर लागतो. तो घरघरतो म्हणून कॅमेऱ्यापासून लांब उभा करावा लागतो. लांब उभा केला की केबल वाढते, केबल वाढली की ती ओढणारे हात वाढतात, आणि हात वाढले की रात्री एक वाजताच्या जेवणाची पानं वाढतात. एवढं करून दिवसाच्या निम्मे शॉट पदरात पडले तरी दिग्दर्शक खूश असतो. वेळापत्रक लावणं आणि लोकेशन ठरवणं हे ज्याचं काम, त्याला पटकथा आधी खर्चाचा कागद म्हणून वाचावी लागते आणि मग गोष्ट म्हणून. लेखकांना हे वाचन अरसिक वाटतं, आणि ते आहेच. पण शहापूर-मुरबाडमध्ये येऊन थोड्या पैशांत रहस्यपट करणाऱ्यांच्या पटकथा अशा रीतीने वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जी ओळ सगळ्यात महाग असते, तीच बहुतेक वेळा सगळ्यात खोटी असते. निर्माता पदरचे पैसे ज्या निर्जन रानावर घालतो, ते रान या दोन तालुक्यांत नाहीच. इथल्या रहस्यपटाने भीती एकटेपणातून काढण्याऐवजी कुणीतरी पाहिलं असण्यातून काढावी, असं माझं म्हणणं आहे. ती भीती इथली आहे, आणि स्वस्तही आहे.

निर्माते इथे का येतात हे सरळ आहे. आसनगावपर्यंत कसारा लोकल येते, मुरबाडला कल्याणहून एसटी जाते, नाशिक महामार्ग आणि माळशेजचा रस्ता दोन्ही हाताशी. मुंबईत ज्या पैशांत एक बंगला एका दिवसासाठी मिळतो त्यात इथे युनिटची राहायची सोय होऊन वर काही उरतं. पाहायला माहुलीचे सुळके, गोरखगड, सिद्धगड आणि घाटातलं धुकं. धरणं मात्र कागदावरच राहतात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एकटं भातसा निम्म्याच्या आसपास पाणी देतं, तानसाचा बांध १८९२ सालापासून उभा आहे. अशा जागी ड्रोन उडवायची परवानगी मागायला गेलेला माणूस हात हलवत परततो. राखीव जंगलासाठी वनखात्याकडे अर्ज, अभयारण्य असेल तर आणखी वरचा अर्ज. मग उरतं फार्महाउस. तिथे मालक एक, सही एक. म्हणून गोष्ट आपोआप तशी होते: मुंबईतले चार मित्र, शनिवार-रविवार, फार्महाउस, मोबाइलची रेंज जाते, आणि दाराशी एक केअरटेकर, जो जरा जास्तच वेळ बघत राहतो. परवानगीने ठरवलेली कथा असं तिला म्हटलं तर लेखकांना राग येतो, पण अशा पटकथा ओळीने वाचल्या की दुसरं काही म्हणता येत नाही. त्या केअरटेकरकडे नंतर येऊच. आधी ज्या रानात त्या चार मित्रांना पळवायचं असतं, त्या रानाकडे पाहू.

या रानाला बारा महिन्यांची हजेरी आहे. थंडी सरता सरता शेतकरी राबाच्या मागे असतो: झाडांचे शेंडे, पाचोळा, शेण खाचराच्या एका कोपऱ्यात पसरून ते भाजायचं, म्हणजे जूनमध्ये तिथे भाताची रोपं टाकता येतात. त्यासाठी टहाळ तोडायला माणसं डोंगरात असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. मोहाचं फूल रात्री-पहाटे गळतं आणि ऊन चढण्याआधी वेचावं लागतं, त्यामुळे ज्या वेळी पटकथेतला खुनी ‘कुणी नाही’ असं पाहून बाहेर पडतो, त्या वेळी बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेली असतात. मे महिन्यात करवंदं, आणि पावसाआधी घरात रचून ठेवायचा लाकूडफाटा. पहिल्या सरींनंतर शेवळं उगवतात, ती आठ-पंधरा दिवसांत संपतात, म्हणून ठाकर आणि कातकरी बाया रान पायाखाली घालतात आणि सकाळच्या लोकलने जुड्या घेऊन कल्याणच्या बाजाराला पोचतात. श्रावणात गुरं डोंगरावर, गुराख्यांसकट. भात कापून झालं की गवताची कापणी. वर्षाकाठी दोन-चार आठवडे असे काढता येतील की रानात वर्दळ कमी आहे. पण ‘वर्दळ कमी’ यावर रहस्यपट उभा राहत नाही, त्याला सपाट एकांत हवा असतो.

सगळ्यात मजेची गोष्ट पावसाळी रात्रीची. मृतदेहाची विल्हेवाट लावायला पटकथाकार हमखास जूनमधली मुसळधार रात्र निवडतो. विजा आहेत, ओढा फुगलाय, मग काळं कुत्रं बाहेर असणार नाही असा त्याचा हिशेब असतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात राहिलेला माणूस हे वाचून हसतो, कारण ती वलगणीची रात्र असते. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, ओढ्यांतून आणि खाचरांतून वर चढतात, आणि ते धरायला अर्धं गाव बॅटऱ्या, जाळी, कोयते घेऊन पाण्यात उतरतं. पोरं खेकड्यांमागे असतात. वर्षातली जी रात्र लेखकाने सगळ्यात निर्जन म्हणून लिहिली, ती त्या ओढ्याकाठची सगळ्यात गजबजलेली रात्र निघते. हे तपासायला जंगलातही जावं लागत नाही. कसारा घाटात किंवा माळशेजच्या रस्त्याला शहरातला गुन्हेगार काही टाकून जातो, तेव्हा छापून येणाऱ्या बातमीची सुरुवात बहुधा एका गुराख्यापासून किंवा लाकडं आणायला गेलेल्या कुणापासून होते. म्हणजे कुणी पाहणार नाही म्हणून जी जागा निवडली गेली, तिथे माणूस होता, म्हणूनच बातमी झाली.

एकटं सापडण्याची भीती इमारतीत राहणाऱ्याची आहे. दार लावलं की शेजारी संपतात, त्यामुळे दाराबाहेरचा प्रत्येक आवाज अनोळखी असतो. पाड्यावर उलट आहे. कुणाची गाडी आली, किती वाजता आली, परत जाताना आत किती माणसं होती, हे सांगायला तिथे कॅमेरे लागत नाहीत. मग प्रश्न येतो की सगळेच पाहत असतील तर रहस्य उरतं कुठे? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण पाहणं आणि सांगणं यांच्यामध्ये इथे एवढं मोठं अंतर आहे की त्यात तीन चित्रपट मावतील. ज्याने पाहिलं तो त्या वेळी रानात का होता? साग तोडत होता, किंवा मोहाची भट्टी लावून बसला होता, किंवा सशाच्या मागे होता. साक्ष द्यायची म्हणजे आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा, आणि त्यातही वनहक्काचा दावा अडकलेला असेल तर विचारायलाच नको. फार्महाउसच्या केअरटेकरने पाहिलं असेल तर त्याचं घर, पगार आणि पोराच्या शाळेची फी मालकाच्या हातात आहे. कातकरी कुटुंबाने पाहिलं असेल तर त्यांनी वीटभट्टीवाल्याकडून बयाणा घेतलेला असतो आणि दिवाळी झाली की ती माणसं भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर निघून जातात; तपासाला वेग येतो तेव्हा साक्षीदार गावात नसतो. आणि यातलं काहीच नसलं तरी पंचनाम्यावर अंगठा उठवला की पुढे तारखांना तालुक्याच्या नाहीतर कल्याणच्या कोर्टात जायचं, एसटीचं भाडं घालायचं आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. गप्प राहण्यासाठी इथे धमकीची गरज पडत नाही. ज्याच्या तोंडात गोष्ट आहे त्याला ती बाहेर काढणं परवडत नाही, एवढं पुरतं. रहस्यपटाला याहून भक्कम यंत्रणा कुठला लेखक शोधून देणार?

या यंत्रणेत कागदही येतो. ज्या फार्महाउसच्या व्हरांड्यात चार मित्र बिअर पीत बसतात, ती जमीन वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या नावावर होती? आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ मध्ये लिहिलेलं आहे; आणि असं काही लिहिलेलं असलं की त्याच्या आजूबाजूने वाटा निघतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. सातबाऱ्यावर एक नाव कंसात जातं. कोणत्या फेरफाराने गेलं ते पाहायला तलाठ्याकडे जुनी नोंद काढावी लागते. वारसांमध्ये एक बहीण होती, तिचं नाव कुठेच लागलेलं नाही. महामार्गासाठी, धरणासाठी, नंतर समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या त्या भागात हा कागद काय करू शकतो, हे शहापूरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. पडद्यावर दाखवायला त्याला लागतं काय? एक टेबल, एक झेरॉक्स, आणि कंसातल्या नावावर थांबलेलं बोट. गूढ पेटी, जुना वाडा, तळघर यांच्या मागे लागलेल्या कलादिग्दर्शकाला हे फिकं वाटतं. मला वाटत नाही. प्रेक्षकांतल्या निम्म्या घरांत असा एक कागद आहे, आणि तो पाहताना त्यांचा श्वास तळघराच्या दारापाशी अडकतो त्याहून जास्त अडकेल.

पाहणाऱ्यांवर रहस्य उभं राहतं का, याचा पुरावा सिनेमाने आधीच दिलेला आहे. जीतू जोसेफचा २०१३ सालचा मल्याळम ‘दृश्यम’ भारतातल्या इतर अनेक भाषांत गेला. हिंदीत २०१५ साली तो निशिकांत कामतने केला आणि गोष्ट गोव्यात आणली. त्यात खून लवकर होतो, कुणी केला हे प्रेक्षकाला माहीत असतं. पुढचा सगळा ताण एकाच प्रश्नावर आहे: बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला यांनी त्या कुटुंबाला कोणत्या तारखेला पाहिलं? नायकाचं सगळं कौशल्य माणसांच्या आठवणीत तारीख सरकवण्यात आहे. गोविंद निहलानींचा १९८० सालचा ‘आक्रोश’ रहस्यपट म्हणून कुणी पाहत नाही, पण तेंडुलकरांच्या पटकथेची बांधणी रहस्यपटाचीच आहे. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी भिकू लहान्या, त्याचा वकील भास्कर कुलकर्णी, आणि आरोपी तोंड उघडत नाही. काय झालं हे सगळ्यांना कळलेलं आहे, बोलत कुणी नाही, आणि बाहेरून आलेला वकील त्या गप्पपणावर डोकं आपटतो. नागराज मंजुळेंचा २०१३ सालचा ‘फँड्री’ तर या प्रकारात बसतच नाही. तरी डुक्कर पकडण्याच्या त्या लांब प्रसंगात शाळेतली मुलं आणि शालू पाहतील म्हणून जब्या जी लपाछपी खेळतो, तेवढा ताण मराठीतल्या कित्येक रहस्यपटांच्या शेवटच्या रिळातही सापडत नाही. भर उन्हात, मोकळ्या जागी, सगळ्यांच्या देखत.

आता आक्षेप. पहिला असा, की हा प्रकार अंधारावर जगतो, एकटेपणा काढून घेतला तर प्रेक्षक फसवल्यासारखा उठून जाईल. आणि लोक ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’कडे बोट दाखवतात. तिघे कलाकार, त्यांच्याच हातात कॅमेरे, मेरीलँडमधलं रान, १९९७ च्या ऑक्टोबरमधले काही दिवस, आणि १९९९ साली जगभर गाजावाजा. उदाहरण खरं आहे, पण ते माझ्या विरुद्ध जात नाही. तिथल्या रानात ऑक्टोबरमध्ये गवत कापणारी माणसं नसतात. त्या दिग्दर्शकांनी आपल्या रानाचं खरं तेच वापरलं. आपण त्यांची युक्ती उचलावी, त्यांचं रान उचलून आणता येत नाही. दुसरं म्हणजे, अंधार ही या प्रकाराची अट कधीच नव्हती. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये १९५९ साली हिचकॉककडे पैशांची ददात नव्हती, तरी अंधाऱ्या गल्लीचा ठरीव प्रसंग टाळायचा म्हणून त्याने नायकाला रखरखीत उन्हात, सपाट शेतांमध्ये उभं केलं आणि वरून विमान सोडलं. घरचं उदाहरण हवं असेल तर विशाल फुरियाचा २०१७ सालचा ‘लपाछपी’ आहे. कोवळ्या उन्हातला ऊस, त्यातून जाणारी पायवाट, गरोदर नायिका, आणि भर दिवसा अंगावर येणारी भीती. दिग्दर्शकाने स्वतःच पुढे त्याचा हिंदीत ‘छोरी’ केला, तेव्हाही उसाच्या त्या भिंती सोडल्या नाहीत. ऊस नगर-कोल्हापूरचा, आपल्याकडे तो नाही. पण कापणीला आलेलं भात आणि पुरुषभर वाढलेलं गवत आहे, आणि त्यातून चालणारा माणूस पलीकडच्या बांधावरून फक्त डोक्याइतका दिसतो.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. आजचा कॅमेरा चांदण्यातही पाहतो, चार एलईडी पॅनल बॅटरीवर चालतात, मग रात्र महाग कशी? थोडी स्वस्त झाली हे कबूल. पण महाग होतो तो दिवा नव्हे, माणूस. रात्रभर जागलेल्या युनिटला दुसऱ्या दिवशी झोपायला द्यावं लागतं. फोकस ओढणाऱ्याचे डोळे पहाटे तीनला दगा देतात. पावसाच्या आगेमागे दिवा लावला की पाकोळ्यांचा आणि किड्यांचा असा थवा जमतो की नायिकेचा चेहरा दिसेनासा होतो. थंडीत लेन्सवर दव धरतं. शिवाय हे चित्रपट पाहतो कोण आणि कशावर, हेही धरायला हवं. थिएटरमध्ये आठवडाभर टिकणं ज्यांच्या नशिबात नाही, ते अखेर मोबाइलवर पाहिले जातात. एसटीच्या खिडकीशी बसून, भर दुपारी, हातभर अंतरावर. काळ्याकुट्ट चौकटीत त्या प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा दिसतो. ज्या अंधारासाठी जनरेटर आणला, तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त बोचतो: ही गरिबीला सजवण्याची युक्ती आहे, पैसे नाहीत म्हणून दिवसाला कलेचं नाव द्यायचं. याचं अर्धं उत्तर वर येऊन गेलं. उरलेलं अर्धं असं, की पैसे कमी पडतात तेव्हा काम संपत नाही, ते दुसरीकडे सरकतं. क्रिस्टोफर नोलनचा पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ (१९९८) काळ्या-पांढऱ्या १६ मिलिमीटर फिल्मवर, मिळेल त्या उजेडात झाला. सगळे आठवडाभर नोकऱ्या करणारे, म्हणून वर्षभर शनिवार-रविवारीच चित्रीकरण चाललं. फिल्म परवडत नव्हती, म्हणून आधी तालमी इतक्या केल्या की एक-दोन टेकमध्ये प्रसंग उरकावा. वाचलेला पैसा तालमींतल्या वेळाने भरून काढलेला होता. रामसे बंधूंनी १९७२ साली महाबळेश्वरला ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ केला तेव्हा लेखन, कॅमेरा, आवाज, संकलन, दिग्दर्शन सगळं घरातल्या भावांनी वाटून घेतलं. ते वाटून घेणं हेच त्यांचं भांडवल. इथेही हिशेब तोच आहे. रात्रीच्या दोन-तीन पाळ्यांचा पैसा वाचवून तो लेखकाला पाड्यालगत एक खोली घेऊन द्यायला वापरला, आणि राबापासून वलगणीपर्यंत त्याला तिथे ठेवलं, तर पटकथेतली निम्मी खोटी जागा आपोआप गळून पडेल. निर्माते हे करत नाहीत, कारण जनरेटरचं बिल दाखवता येतं आणि लेखकाच्या खोलीभाड्याचं काय दाखवायचं हा त्यांना प्रश्न पडतो. (दिग्दर्शकही करत नाहीत, पण त्यांची कारणं वेगळी असतात, एक म्हणजे लेखक तेच असतात.)

चौथा आक्षेप गावाच्या बाजूने येतो आणि तो ऐकायलाच हवा. पाड्यावरच्या माणसांना सतत पाहणारे, माहिती दडवणारे म्हणून दाखवलं तर आधीच संशयाने पाहिल्या जाणाऱ्या समाजावर आणखी एक शिक्का बसेल. कातकऱ्यांच्या बाबतीत तर इंग्रजी अमलातल्या गुन्हेगारीच्या शिक्क्याचा इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. पण आज या चित्रपटांत त्यांच्या वाट्याला काय येतं ते पाहा. एक भगत, ज्याच्या अंगात काहीतरी येतं. एक वेडसर म्हातारी, जी ‘परत जा’ म्हणते. आणि तो केअरटेकर, ज्याच्यावर पाऊण चित्रपट संशय ठेवून शेवटी खुनी मुंबईचाच निघतो. जादूटोणाविरोधी कायदा होऊन २०१३ पासून इतकी वर्षं झाली तरी भगताची भूमिका कमी झालेली नाही, कारण तिला संवाद लिहावे लागत नाहीत. मी म्हणतो त्या चित्रपटात याच माणसांना माहिती असते, आणि माहिती असलेल्या माणसाला वाक्यं द्यावी लागतात, गप्प राहण्याची कारणं द्यावी लागतात, कधीतरी बोलायचा निर्णय द्यावा लागतो. संशयित आणि साक्षीदार यांच्यात हा फरक आहे. अट एकच, की त्यांची बोली तीच ठेवायची. मुंबईच्या कलाकाराला ‘हाय’ आणि ‘न्हाय’ शिकवून ठाकर उभा करण्यापेक्षा पाड्यावरच्याच कुणाला घ्यावं. ते बोलताना वाक्य कुठे तोडतात हे शिकवता येत नाही.

दिवसाचं चित्रीकरण फुकट मिळतं असं मात्र समजू नये. दुपारी बारा ते तीन ऊन डोक्यावर असतं, भुवयांखाली काळे खड्डे पडतात, तेव्हा एकतर घरातलं दृश्य घ्यावं लागतं किंवा युनिटला जेवू घालावं लागतं. आवाजाचा ताप त्याहून मोठा. कसाऱ्याकडे जाणाऱ्या मालगाड्यांची शिट्टी डोंगरावर आपटून परत येते, महामार्गाची घरघर दोन-तीन डोंगरांआडूनही ऐकू येते, आणि एप्रिल-मेमध्ये हळदीचा डीजे सुरू झाला की गावातल्या गावात कुणाला बंद कर म्हणायची सोय नसते. साउंडवाला डबिंग करू म्हणतो, आणि गावातल्या माणसाला मुंबईच्या स्टुडिओत नेऊन डबिंग करवून घेणं म्हणजे त्याच्या बोलण्यातलं जे हवं होतं तेच घालवणं. इथे मात्र कंजूषपणा करू नये. बजेटमध्ये एका गोष्टीवर हात सैल सोडायचा असेल तर तो चांगल्या साउंड रेकॉर्डिस्टवर सोडावा. पाहणारे लोक हा ज्या चित्रपटाचा विषय आहे, त्याचं निम्मं काम चौकटीबाहेरून येणाऱ्या खोकल्यावर आणि कोयत्याच्या ठोक्यावर होणार असतं. मालगाडी थांबवता येत नसेल तर ती कथेत घ्यावी. नेमक्या वेळी जाणारी गाडी ही साक्षीदाराची वेळ पक्की करायला घड्याळापेक्षा बरी.

राहता राहिलं वेळापत्रक. जून ते ऑगस्ट भाताच्या आवणीत गाव मोकळं नसतं, आणि पावसात कॅमेरा झाकण्यातच पाळी जाते. ऑक्टोबरमध्ये कापणी, त्या दिवसांत शेतावरच्या माणसाला मजुरीपेक्षा जास्त दिले तरी तो येणार नाही, आणि येऊही नये. पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा लागली की म्हसा आणि आजूबाजूच्या गावांतला माणूस बैलबाजारात असतो. चित्रीकरणाला खरी सोयीची पट्टी म्हणजे कापणी-मळणी आटोपल्यावरचे आणि यात्रेआधीचे काही आठवडे: उजेड तिरपा, आकाश स्वच्छ, गवत अजून उभं. पण तोवर कातकरवाडी रिकामी झालेली असते, माणसं भट्टीवर गेलेली असतात. म्हणजे पटकथेतल्या कातकरी कुटुंबाला एकतर वगळावं लागेल, किंवा युनिटचा एक दिवस भिवंडीच्या बाजूला एखाद्या वीटभट्टीवर काढावा लागेल. भट्टीवाल्याची परवानगी मिळवणं फार्महाउसवाल्यापेक्षा अवघड आहे, आणि बयाण्याचं नाव काढलं तर अशक्य. तरी मी तो दिवस वेळापत्रकात धरेन, कारण त्या रात्री ओढ्यावर काय दिसलं हे विचारायला पटकथेतल्या फौजदारालाही तिथेच जावं लागणार आहे.